मुलाच्या ताब्याचा अर्ज आणि तुमचा वकील : पहिल्या भेटीपासून निकालाच्या नकलेपर्यंत

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर मी साडेतीन वर्षं तारखांना बसलो. शेजारी कधी एखादी आई असायची, कधी बाप, कधी नातवासाठी आलेली आजी. सगळ्यांच्या मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर आणि अर्ध्या तासाच्या ओळखीनंतर सगळ्यांचे प्रश्न तेच. तुमचे वकील फोन उचलतात का? आजवर किती पैसे गेले? मूल भेटायला किती दिवस लागले? मला पहिल्या वर्षी कोणी नीट सांगितलं असतं तर माझे निदान आठ-नऊ महिने आणि बरेच पैसे वाचले असते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझा मुलगा आम्ही वेगळे झालो तेव्हा सहा वर्षांचा होता. आज तो आईकडे राहतो, एक आड एक शनिवार-रविवार आणि निम्मी सुट्टी माझ्याकडे असतो. हे संमतीने ठरलं, पण तिथवर पोचेपर्यंत मी दोन वकील केले आणि बऱ्याच चुका केल्या. एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्या डोक्यात जोडीदाराचा हिशेब चालू असतो आणि कोर्ट मुलाबद्दल विचारत असतं. मूल सकाळी किती वाजता उठतं, कशाला घाबरतं, हे वकिलाला माहीत असायचं काही कारण नाही. ते त्याच्यापर्यंत कागदांनिशी पोचवणं हे आपलं काम. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी अर्ज कुठे चालणार ते समजून घ्या

वकिलाकडे जाण्याआधी एवढं माहीत असेल तर तुम्ही योग्य प्रश्न विचारू शकाल.

घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली त्याच दाव्यात ताब्याचा अर्ज देता येतो. तसा दावा नसेल, तर बहुतेक वेळा पालक व पाल्य कायदा, १८९० खाली स्वतंत्र अर्ज होतो. वकिलांच्या तोंडी तो ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स’. हा कायदा सगळ्या धर्मांच्या पालकांना लागू आहे. घरात मारहाण, छळ झाला असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २१ खाली मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. मुंबईत वांद्र्याला, पुण्यात शिवाजीनगरला, तसंच नागपूर, ठाणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत कौटुंबिक न्यायालयं आहेत. ती नाहीत तिथे जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात अर्ज चालतो.

आता पहिला सापळा. १८९० च्या कायद्याखालचा ताब्याचा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात करायचा असतो, तुम्ही राहता तिथे नाही. माझा मुलगा आईबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला होता, शाळाही तिथली. माझ्या पहिल्या वकिलांनी अर्ज माझ्या गावी लावला, कारण ते तिथेच काम करत होते. समोरच्या बाजूने पहिल्याच तारखेला हद्दीचा मुद्दा काढला. त्या एका मुद्द्यावर सात महिने गेले आणि शेवटी अर्ज परत घेऊन दुसरीकडे दाखल करावा लागला. त्या सात महिन्यांत मी मुलाला एकदाही भेटलो नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: “हे प्रकरण या कोर्टाच्या हद्दीत बसतं का, आणि कशावरून?”

वयाबद्दल बाकावर बरंच काही ऐकायला मिळतं. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं. गोव्यातल्या एका प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचं नाव आणि ‘त्यांच्यानंतर’ आईचं आहे, त्यावरून कोणी ‘बापाचा हक्क पहिला’ म्हणालं तर ऐकू नका. गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या ‘नंतर’चा अर्थ वडील हयात नसताना एवढाच नाही, हे स्पष्ट केलं आहे. वडील मुलाकडे बघतच नसतील तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते. आणि त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की मुलाचं हित सगळ्यात वर. पाच वर्षांनंतर आपोआप बापाकडे किंवा बारा वर्षांनंतर आपोआप मुलाच्या मर्जीप्रमाणे, असा नियम कुठेही नाही.

२. वकील निवडताना

ओळखीतून वकील मिळतो. पण ती ओळख जमिनीच्या दाव्यातली असेल तर थोडं थांबा. ताब्याच्या प्रकरणाचा बाज वेगळा असतो. मी दुसऱ्या वेळी वकील निवडताना दोन दिवस कोर्टात मागे बसून बघितलं. कोण वेळेवर येतं, कोण समोरच्या बाईशी किंवा माणसाशी सभ्यपणे बोलतं, न्यायाधीशांनी तारीख विचारली की कोणाला आपली फाइल माहीत असते. (कौटुंबिक न्यायालयात काही सुनावण्या बंद दाराआड चालतात, तेव्हा कर्मचारी सांगतील तसं बाहेर थांबा.) ज्या वकील मॅडम मी केल्या, त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या समोरच्या पक्षाच्या मुलीला पाण्याची बाटली देत होत्या.

भेटल्यावर हे विचारा:

– मुलाच्या ताब्याची किती प्रकरणं चालवली, आणि त्यातली किती संमतीने मिटली?
– तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनियर? ज्युनियर असतील तर त्यांच्याशी आत्ताच भेट घालून द्याल का?
– माझ्या प्रकरणातली सगळ्यात कमकुवत बाजू कोणती?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना जो वकील थांबून विचार करतो, त्याच्याकडे जावं असं माझं मत आहे. “महिनाभरात मूल तुमच्या हातात देतो” असं म्हणणाऱ्याकडून उठून या. निकालावर फी ठरवणं, म्हणजे ‘जिंकलो तर इतके द्या’, हे वकिलांच्या व्यवसाय नियमांत बसत नाही. असं कोणी सुचवलं तर तेही उठायचंच कारण.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही मिळतो. इतर बहुतेक पुरुषांना उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर. फोनवर चौकशी करायची तर १५१०० हा क्रमांक आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील देणं हा तुमचा आपसूक हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. ती सहसा मिळते. पण न्यायाधीश थेट तुमच्याशी बोलतात, आणि तेव्हा वकिलाकडे बघत बसून चालत नाही.

३. पहिली भेट: काय सांगायचं

पहिल्या भेटीत मी तासभर बोललो. सासरचे काय म्हणाले, लग्नात काय झालं, कोणी कोणाचा अपमान केला. वकील मॅडमनी ऐकून घेतलं. मग वही उघडली आणि विचारलं, “मुलाच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय?” मला आठवेना. “त्याला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? रात्री दिवा लावून झोपतो की बंद करून? शाळेत त्याच्या शेजारी कोण बसतं?” दिवा बंद केला की तो रडतो, एवढं एकच उत्तर मला नक्की येत होतं. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “घरी जा, बाकीची उत्तरं शोधा, मग आपण मसुदा करू.”

तुमच्या बाबतीत हे टाळायचं असेल तर जाण्याआधी दोन कागद तयार करा. एकावर तारखांचा तक्ता: लग्न, मुलाचा जन्म, वेगळे राहायला लागल्याचा दिवस, मूल कुठे कुठे राहिलं, पोलीस तक्रार किंवा इतर केस असेल तर तिचा क्रमांक. एका पानात बसला पाहिजे. दुसऱ्यावर मुलाचा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत. डबा कोण भरतं, रिक्षाला किंवा बसला कोण सोडतं, गृहपाठ कोण घेतं, ताप आला तर रजा कोण काढतं. जे काम तुम्ही करत नव्हता तिथे खरं लिहा. वकिलाला ते आज कळलेलं बरं, उलटतपासात, म्हणजे समोरचे वकील कोर्टात तुम्हाला प्रश्न विचारतात तेव्हा, कळण्यापेक्षा.

तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्टही याच भेटीत सांगा: दारू, कर्ज, एखादा रागाच्या भरात पाठवलेला मेसेज, दुसरं नातं, मनोविकाराचं औषध. वकिलाला सांगितलेलं गुप्त ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

४. कागदपत्रं

मूळ कागद वकिलाकडे सोडू नका. झेरॉक्सचे दोन संच करा, एक त्यांना, एक तुमच्याकडे. मूळ कागद कोर्टात दाखवायच्या दिवशी बरोबर न्यायचे.

– मुलाचा जन्मदाखला, आधार, असल्यास पासपोर्ट
– लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो
– शाळेचा बोनाफाइड दाखला, प्रगतिपुस्तकं, फीच्या पावत्या, पालकसभेच्या नोंदी
– लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या
– तुमच्या घराचा भाडेकरार किंवा घरपट्टी-लाइटबिल, आणि घरात कोण कोण राहतं त्याची यादी
– पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्र, बँक पासबुकाच्या नोंदी
– आधीच्या किंवा चालू केसेसचे सगळे कागद

उत्पन्नाचे कागद बघून काहींना वाटतं, ताब्यात याचा काय संबंध. ताब्याबरोबर पोटगीचा प्रश्न येतोच, आणि पोटगीच्या अर्जात दोन्ही बाजूंनी मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सक्तीचं केलं आहे. त्यात लपवाछपवी करू नका.

व्हॉट्सॲपचे मेसेज द्यायचे असतील तर नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुन्या कायद्यात हेच पासष्ट-बी होतं, वकील अजूनही बोलताना तेच म्हणतात. मेसेज मूळ फोनमध्ये तसेच ठेवा, फोन बदलला तरी जुना विकू नका.

आणि कृपा करून एक करू नका. मुलाला समोर बसवून “सांग, आई तुला मारते ना?” अशा क्लिप्स काढू नका. माझ्या एका नातेवाइकाने मला हे सुचवलं होतं. वकील मॅडमनी अशा क्लिपबद्दल सांगितलं की न्यायाधीश मुलाचं उत्तर ऐकण्याआधी तुमचा प्रश्न ऐकतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करण्याचा मुद्दा ताब्याच्या निकालात विचारात घेतला आहे. तुमचीच क्लिप तुमच्याविरुद्ध उभी राहते. शिवाय मुलाचं काय होतं, ते वेगळंच.

५. वकालतनामा आणि फी

वकालतनामा, म्हणजे वकिलाला तुमच्या वतीने उभं राहायचा अधिकार देणारा कागद, वाचून सही करा. मोकळ्या जागा, तारीख आणि प्रकरणाचं नाव भरलेलं असू दे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही द्यायची नाही, “नंतर लागेल” म्हणून तर मुळीच नाही.

फी टप्प्यांत ठरवा: अर्ज दाखल होताना, अंतरिम (निकाल येईपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाच्या) अर्जाच्या वेळी, पुरावा सुरू होताना, युक्तिवादाला. काही वकील तारखेला पैसे घेतात, ते महाग पडतं, कारण बऱ्याच तारखांना काहीच होत नाही. कोर्ट फी, टायपिंग, नोटरी, नकला, समन्स बजावणीचा खर्च फीत धरला आहे की वेगळा, हे आधीच बोलून घ्या आणि दिलेली प्रत्येक रक्कम शक्यतो बँकेतून द्या.

वकील बदलायची वेळ आली तर भांडू नका. जुन्या वकिलांकडून ना-हरकत घ्या, फाइल घ्या, नवीन वकालतनामा दाखल करा. फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. ना-हरकत मिळतच नसेल तर कोर्टाला तसा अर्ज करता येतो. गंभीर गैरवर्तन असेल तर तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे जाते. पण फोन न उचलणं आणि गैरवर्तन यांत फरक आहे. माझ्या पहिल्या वकिलांविरुद्ध मी तक्रार केली नाही. फाइल घेतली, निघालो.

६. अर्जाचा मसुदा स्वतः वाचा

या पायरीवर मी सगळ्यात मोठी चूक केली. पहिल्या अर्जाच्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘जाबदार ही मुलाच्या संगोपनाकडे व शिक्षणाकडे पूर्णपणे दुर्लक्ष करते.’ जाबदार म्हणजे समोरचा पक्ष, इथे मुलाची आई. ते वाक्य वकिलांच्या ठरलेल्या साच्यातून आलं होतं. मी इंग्रजी-मराठी मिसळलेली अकरा पानं नीट न वाचता प्रत्येक पानावर सही केली. खाली ‘हा मजकूर खरा आहे’ असं सत्यापनही माझंच.

अर्ज दुसऱ्या कोर्टात नव्याने दाखल करतानाही ते वाक्य तसंच राहिलं. दीड वर्षानंतर उलटतपासात समोरच्या वकिलांनी मुलाची शाळेची डायरी माझ्या हातात दिली. निळं कव्हर, आत रोजचा गृहपाठ आणि रोज खाली आईची सही. जून ते मार्च. “एखादा दिवस दाखवा, ज्या दिवशी सही नाही,” ते म्हणाले. मी पानं उलटत राहिलो. एका पानावर सही होती आणि शेजारी तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘काल ताप होता, गृहपाठ उद्या पूर्ण करू.’ मी डायरी मिटून परत दिली. ते वाक्य खोटं होतं हे मला आधीपासून माहीत होतं, फक्त कागदावर माझ्या सहीने गेलं होतं.

म्हणून मसुदा दोन दिवस घरी मागा. प्रत्येक वाक्याला विचारा: हे मला माहीत आहे का? याचा कागद किंवा साक्षीदार आहे का? हे मुलाबद्दल आहे की माझ्या रागाबद्दल? तिसऱ्या प्रश्नात अडकलेली वाक्यं काढून टाकायला सांगा. समजत नसेल त्या भाषेतला मसुदा कोणाकडून तरी समजून घ्या, सही त्यानंतर.

मागणी नेमकी असू दे. ‘योग्य ते आदेश व्हावेत’ एवढ्यावर काही मिळत नाही. कायमचा ताबा मागत असाल तरी त्याच वेळी अंतरिम भेटीचा अर्ज जोडायला सांगा. तो मागाहून दिला तर तेवढे महिने गेलेच.

७. अंतरिम भेटी

निकाल यायला वर्षं लागतात. तोवर मुलाशी तुमचं नातं अंतरिम आदेशावर टिकतं, म्हणून वकिलाची सगळी ताकद आधी इथे लावा.

अंतरिम अर्जात हे स्पष्ट मागा: वार, वेळ, ठिकाण, कोण आणून सोडणार, मूल आजारी असेल तर बदली दिवस कोणता, फोन किंवा व्हिडिओ कॉल कधी. पालक वेगळ्या राज्यात किंवा देशात राहत असतील तर रोज पाच-दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मधल्या एका निकालात म्हटलं आहे. वकिलांना त्याचा आधार घ्यायला सांगा. परदेशात राहणाऱ्या मराठी पालकांना तर हा मुद्दा फार उपयोगी आहे, कारण मूल परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. तिकडच्या कोर्टाचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही.

पहिल्या भेटी बहुधा कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत होतात. मी आठ महिन्यांनी मुलाला भेटणार होतो. जाताना त्याच्यासाठी सँडल घेऊन गेलो, त्याला आवडायच्या तसल्या, चिकटपट्टीच्या. त्याने बूट काढले आणि पाय आत घालायला लागला. टाच मावेना. मी जुन्या मापाच्या आणल्या होत्या. तो काही बोलला नाही, टाच दाबून उभा राहिला आणि म्हणाला, “बसतात, बाबा.” खोलीतल्या समुपदेशक बाईंनी हळूच त्याला बसवून सँडल काढल्या. पहिल्या भेटीला मोठ्या भेटवस्तू नेऊ नका. खाऊ, रंगपेटी, सोबत खेळता येईल असा एखादा पट पुरे. “घरी येशील का?” हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्या हातात नसतं.

प्रत्येक भेटीची नोंद एका वहीत करा: तारीख, किती वाजता आले, किती वाजता गेले, काय खेळलो. भेट झाली नाही तर त्याच दिवशी वकिलांना एक साधा मेसेज: ‘आज ११ ते १ भेट ठरली होती, मूल आणलं नाही.’ बस. समोरच्या पक्षाला फोन करून वाद घालायचा नाही.

इथले दोन सापळे मोठे आहेत. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवू नका. मला बाकावरच्या एकाने हा सल्ला दिला आणि मी दोन महिने थांबवली. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी पहिला प्रश्न तोच विचारला, भेटीचा मुद्दा मागे पडला. तसंच पोटगी मिळत नाही म्हणून आईनेही भेट थांबवू नये, कोर्ट दोन्ही गोष्टी वेगळ्या धरतं. दुसरा सापळा: मूल शाळेतून परस्पर उचलून आणणं. अशाने पोलीस, हायकोर्ट, हेबियस कॉर्पस (मूल कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका) अशी रांग लागते आणि तुम्ही मुलाचं हित बघता यावरचा कोर्टाचा विश्वास जातो.

८. तारखांच्या मधला काळ

प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलांकडून घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाका, पुढची तारीख आणि टप्पा स्वतः बघता येतो. ‘वकील काही सांगत नाहीत’ या तक्रारीतली अर्धी इथेच मिटते.

वकिलाला रोज फोन करू नका. मी वकील मॅडमशी ठरवून घेतलं होतं: तारखेच्या चार दिवस आधी एक फोन, तारखेनंतर त्याच संध्याकाळी एक मेसेज. मुलाला दवाखान्यात ठेवलं वगैरे तातडीचं असेल तर कधीही. तारखेला स्वतः हजर राहा, गरज नाही म्हणाले तरी. ज्या तारखेला मी गेलो नाही, त्या दिवशी नेमकं समोरच्यांनी भेटीची वेळ बदलायची मागणी केली आणि माझं म्हणणं मांडायला कोणी नव्हतं.

सुट्ट्यांचं आधी बघा. मे महिन्यात आणि दिवाळीत कोर्टालाही सुट्टी असते. उन्हाळी सुट्टीत मूल हवं असेल तर अर्ज मार्चमध्येच गेला पाहिजे, समोरच्यांना म्हणणं द्यायला वेळ लागतो, मग ऐकून आदेश. दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पालक रडवेले होऊन धावत येताना मी पाहिले आहेत.

फेसबुकवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर प्रकरणाबद्दल काही लिहू नका. मुलाचा फोटो तर नाहीच.

९. समुपदेशक, मध्यस्थ आणि न्यायाधीशांची मुलाशी भेट

कौटुंबिक न्यायालयात तडजोडीचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कायद्यानेच ठरलेलं काम आहे, म्हणून तुम्हाला विवाह समुपदेशकांकडे पाठवतील. ही औपचारिकता समजून “आमचं काही जमणार नाही” म्हणत दोन मिनिटांत उठू नका. लग्न जमवायचा विषय सोडून मुलाच्या वेळापत्रकावर बोला, असं समुपदेशकांना तुम्हीच सांगू शकता. आमचा तिढा तिथेच सुटायला लागला. मुलाचं पोहणं बुधवारी असतं की गुरुवारी, यावर आम्ही दोघं दीड वर्षात पहिल्यांदा एकमेकांशी सरळ बोललो.

मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी आपल्या दालनात एकटे बोलतात. त्याची पसंती विचारात घेतली जाते, पण तिच्यावरच निकाल ठरत नाही. आदल्या रात्री पढवू नका. भूक लागली असेल तर खायला घाला, “जज काका जे विचारतील ते खरं सांग, काहीही सांगितलंस तरी चालेल,” एवढं सांगा. बाहेर आल्यावर ‘काय विचारलं?’ हे विचारायचं नाही. मला हे फार जड गेलं, पण मी नाही विचारलं.

१०. पुरावा

सरतपासाचं, म्हणजे तुमच्या स्वतःच्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्र मसुद्यासारखंच ओळ-ओळ वाचा. उलटतपासाच्या आधी वकिलाकडून एक तास मागून घ्या. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’, खरं असेल तर ‘खरं आहे’, मग ते तुमच्या विरुद्ध जात असलं तरी. साक्षीदार म्हणून दहा नातेवाईक आणण्यापेक्षा एक शेजारी किंवा डॉक्टर चांगले, ज्यांनी मुलाला प्रत्यक्ष तुमच्यासोबत पाहिलं आहे.

११. संमतीच्या अटी किंवा निकाल, आणि त्यानंतर

संमतीने मिटत असेल तर अटी शक्य तेवढ्या बारीक लिहून घ्या. ‘सोयीप्रमाणे भेटता येईल’ या वाक्याने पुढच्या वर्षी नवं भांडण सुरू होतं. आमच्या अटींत हे आहे: शनिवारी सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा, एक आड एक आठवडा. सोडणं-आणणं मी करायचं, ठिकाण इमारतीचं फाटक. गणपती एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, दिवाळीचे दिवस उलट. उन्हाळी सुट्टी निम्मी-निम्मी, तारखा १५ एप्रिलच्या आत कळवायच्या. वाढदिवसाला ज्याच्याकडे नाही त्याला दोन तास. शाळा बदलायची, दुसऱ्या शहरात जायचं किंवा परदेशी न्यायचं तर तीस दिवस आधी लेखी कळवायचं. पासपोर्ट कोणाकडे राहील तेही. प्रगतिपुस्तकाची आणि दवाखान्याच्या कागदांची प्रत दोघांना. वकील मॅडम म्हणाल्या होत्या की अटी कंटाळवाण्या झाल्या की समजा नीट झाल्या.

निकाल लढून आला आणि मान्य नसेल तर कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील असतं. तीस दिवसांची मुदत धरूनच चाला आणि निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकायला सांगा. अंतरिम आदेशावर असं अपील नसतं, तिथे उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, ती परवडणारी आहे का हे वकिलाशी मोकळेपणाने बोला. आदेश पाळला जात नसेल तर अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल होते, आणि तुमची भेटींची वही तिथे कामाला येते. मुलाच्या ताब्याचा आदेश कायमचा गोठलेला नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून ठेवलं आहे.

आदेशाच्या खऱ्या, म्हणजे कोर्टाने प्रमाणित केलेल्या, नकलेचे चार संच काढा. एक घरी, एक वकिलांकडे, एक शाळेच्या कार्यालयात, पोच घेऊन. चौथा मी गाडीच्या कप्प्यात ठेवतो. पहिल्या शनिवारी फाटकावरच्या वॉचमनने मला अडवलं, त्याला आमचं काही माहीत नव्हतं. मी कागद बाहेर काढणार एवढ्यात मुलगा जिन्यावरून खाली आला, पाठीला दप्तर, हातात पोहण्याची पिशवी, आणि त्याच्या मागोमाग त्याची आई, तिने वॉचमनला माझं नाव वहीत लिहून घ्यायला सांगितलं.